खोडलेले वाक्य कोणाचे?

सुनेच्या नावाने आलेले पाकीट थेट तिच्या हाती न देण्याची रीत आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालली. पोस्टमनने ओटीवर टाकलेले पत्र सासरे फोडीत, चारचौघांत वाचीत, आणि मजकुरात काही वावगे नाही अशी खात्री पटली म्हणजे ते माजघरात जाई. उत्तराचे पाकीट सुनेने उघडेच ठेवायचे, चिकटवायचे काम कर्त्या पुरुषाचे. शिंद्यांच्या फौजेमागून आणि दप्तरामागून जी मराठी घराणी माळव्यात उतरली आणि उज्जैनला स्थिरावली, त्यांच्या घरांत देशावरून आणि कोकणातून मुली सुना होऊन आल्या. माहेर विंध्य-सातपुड्याच्या पलीकडे, वर्षा-दोन वर्षांतून दिसले तर दिसले. माहेराशी बोलायला त्यांच्यापाशी एवढा कागदच होता, आणि तोही सगळ्यांच्या नजरेखालून जाणारा. म्हणून जुन्या ट्रंकांतून आज जी पत्रे निघतात त्यांत बहुधा एकच मजकूर सापडतो: इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी. या ओळींवरून आपण आपल्या घराण्यांच्या सुखाचा हिशेब मांडत आलो. टाक दौतीत बुडवला तेव्हा आधी काय मनात आले होते आणि ते का गिळले, हे कुठेच उमटलेले नाही. त्या बायकांपाशी स्वतःचे म्हणावे असे तेवढेच उरले होते, ते न लिहिलेले वाक्य. निदान ते तरी सासऱ्यांच्या हाती लागत नव्हते.

आज तेही लागू शकते. ते काढून घेण्याची विद्या आपलीच मुले शिकत आहेत, आपल्याच पैशाने शिकत आहेत, आणि त्यात काही गैर आहे अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही. हा लेख त्या न येणाऱ्या शंकेविषयी आहे.

1898 च्या भारतीय पोस्ट ऑफिस कायद्यात, कर्तव्याविरुद्ध टपाल उघडणाऱ्या टपालखात्याच्या नोकराला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. सरकारने स्वतःसाठी त्याच कायद्यात पत्रे अडवण्याची वाट ठेवली होती, हे खरे. तरी बंद पाकिटाला काही अर्थ असतो एवढे त्या परक्या सरकारलाही कबूल करावे लागले. आपल्या उंबऱ्याच्या आत तो अर्थ संपत असे. टपालवाल्याने पाकीट फोडले तर तो गुन्हा, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने फोडले तर ती काळजी! या काळजीला आपण अभिमानाचे नाव दिले. आमच्या घरात लपवाछपवी चालत नाही, असे आपण पाहुण्यांना सांगत आलो. ज्या घरात एकाला सगळ्यांचे वाचता येते आणि त्या एकाचे कोणालाच वाचता येत नाही, त्या घराला मोकळे घर म्हणण्याची सवय आपल्याला लागली. अंधत्व वारशाने येते ते असे. पाहू न शकणे हाच कुलाचार होऊन बसतो आणि डोळे उघडणारा घरभेदी ठरतो.

उज्जैनच्या देवास गेटवर जा. बसस्थानकाच्या आसपास, रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, फोटोकॉपी, पासपोर्ट फोटो, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म अशा पाट्यांची दुकाने दिसतील. मध्य प्रदेशात समग्र आयडीवाचून सरकारी योजनेचे पान हलत नाही. 2023 मध्ये लाडली बहना योजना आली तेव्हा ई-केवायसीसाठी बायकांची रीघ लागली होती. त्या योजनेत विवाहितांबरोबर विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियाही पात्र होत्या. म्हणजे मदत मिळवायची तर बाईने आपली अवस्था कोणापुढे तरी उच्चारायची. अशाच एका दुकानात तिशीतली एक बाई फॉर्म भरून घेत होती. संगणकाचा पडदा बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेला. दुकानातला पोरगा मनाने वाईट नव्हता, त्याने आधी तिला बसायला स्टूल दिले होते. पण प्रश्न त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला, "पति साथ में रहते हैं कि नहीं?" तिने हळू आवाजात काही सांगितले, त्याने ते टाइप केले. तिने पडद्याकडे पाहिले, क्षणभर थांबली आणि ते पुसायला लावून दुसरे उत्तर दिले. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी दोन्ही उत्तरे वाचली. खरे कोणते, पुसलेले की ठेवलेले, याची कुजबुज ती बाहेर पडायच्या आत सुरू झाली. मान दुसरीकडे वळवावी असे त्या रांगेत एकालाही वाटले नाही. ती रांग म्हणजे आपण.

आता हीच रांग फोनमध्ये शिरली आहे. आपण कोणाला निरोप लिहू लागलो की पलीकडच्या पडद्यावर टाइप करत आहे अशी अक्षरे उमटतात. अजून एक शब्दही पाठवलेला नसतो, तरी पलीकडच्या माणसाला कळते की इकडे काहीतरी लिहिले जात आहे. या सोयीचा आपल्या घरांत काय उपयोग झाला, ते आपल्या घरांनाच ठाऊक. इतका वेळ टाइप करत होतीस, मग पाठवलेस एवढेसे? काय पुसलेस? असा जाब विचारणारे नवरे आहेत, बाप आहेत, आया आहेत. मुलीला मोबाइल घेऊन देताना त्याचा पॅटर्न घरात सगळ्यांना माहीत असला पाहिजे, ही अट घालणारी सुशिक्षित कुटुंबे पुण्यात आहेत तशी उज्जैनच्या फ्रीगंजातही आहेत. फोनने पाळत ठेवायला आपल्याला शिकवले नाही. आपली जुनी नजर त्याला अंगभूत मिळाली.

ही नजर यंत्रात कशी बसवतात हे समजून घेतल्याशिवाय दोष कोणाच्या पदरात घालायचा ते कळणार नाही. अँड्रॉइडवर ॲप लिहायला शिकणारा मुलगा सुरुवातीच्या धड्यांतच टेक्स्टवॉचरपाशी येतो. मजकुराच्या रकान्याला तो एकदा जोडला की रकान्यातला प्रत्येक बदल ॲपला तीन वेळा कळवला जातो: बदल होण्याआधी, बदल होताच आणि बदल झाल्यावर. यातल्या पहिल्या क्षणाकडे नीट पाहा. अमुक ठिकाणची अमुक इतकी अक्षरे आता जाणार आहेत, असे ॲपला सांगितले जाते, आणि ती अक्षरे अजून त्याच्यासमोर जशीच्या तशी उभी असतात. माणसाने पुसायला बोट टेकवले की पुसले जाण्याआधीच्या शब्दांची प्रत घेता येईल, अशी ही जागा आहे. आयफोनवर बदल झाल्याबरोबर तो कळवण्याचे काम एडिटिंग चेंज्ड या घटनेने होते, फ्लटरमध्ये ऑनचेंज्ड, रिॲक्ट नेटिव्हमध्ये ऑनचेंजटेक्स्ट. नावे निराळी, कान एकच.

हा कान मुळात वाईट हेतूने बनवलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पिनकोडचे सहा अंक पूर्ण झाले की जिल्हा आपोआप भरला जातो, ओटीपीचा शेवटचा अंक पडला की पुढचे बटण जागे होते, पासवर्ड कच्चा असेल तर तेथल्या तेथे कळते. जाड चष्म्याच्या आजोबांना पॅन नंबरात पाच अक्षरे, मग चार अंक, मग पुन्हा एक अक्षर हा क्रम लक्षात राहत नाही, त्यांची चूक रकानाच दाखवतो. यात सेवा आहे. आणि ही सेवा करताना मजकूर फोनबाहेर जायची बहुधा गरजही नसते. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून व्हेरहॉफच्या रीतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर फोन ते स्वतःच्या स्वतः ओळखू शकतो, त्यासाठी एक आकडाही सर्व्हरकडे पाठवावा लागत नाही. ऐकावे, मदत करावी आणि विसरून जावे, एवढे शहाणपण गणिताने आपल्याला फुकट दिले आहे. तरी अर्धवट भरलेला रकाना सर्व्हरकडे पाठवत राहणे सोपे पडते म्हणून तो पाठवला जातो. साठवणे स्वस्त झाले म्हणून साठवला जातो. आणि एकदा साठवलेले उद्या कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून ते कोणी फेकत नाही.

हे तर्क नाहीत. 2013 मध्ये फेसबुकविषयीच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी 39 लाख वापरकर्त्यांचे सतरा दिवसांतले वर्तन तपासले होते. रकान्यात किमान पाच अक्षरे टाइप झाली आणि दहा मिनिटांत ती प्रसिद्ध झाली नाहीत, तर त्या माणसाने स्वतःला आवरले, असे संशोधकांनी धरले. शंभरातल्या 71 जणांनी त्या काळात निदान एकदा असे स्वतःला आवरले होते. लिहिलेले शब्द आपण साठवले नाहीत, फक्त काहीतरी टाइप झाले एवढीच नोंद घेतली, असे संशोधकांनी सांगितले, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. पण मनातल्या मनात थांबलेल्या माणसांची मोजदाद त्यांच्या नकळत होऊ शकते हे त्या दिवशी जगाला कळले. 2019 मध्ये टेकक्रंचने दाखवून दिले की विमान कंपन्यांच्या, हॉटेल बुकिंगच्या काही आयफोन ॲपमध्ये वापरणाऱ्याची प्रत्येक टिचकी आणि टाइप केलेला मजकूर त्याला न सांगता चित्रफितीसारखा नोंदवला जात होता. तेव्हा कुठे ॲपलने त्या ॲपवाल्यांना परवानगी घ्या नाहीतर हे काढा असे बजावले. 2022 मध्ये युरोपातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी एक लाख वेबसाइट तपासल्या. युरोपातून पाहिले तर 1,844 आणि अमेरिकेतून पाहिले तर 2,950 ठिकाणी, फॉर्म पाठवण्याचे बटण दाबण्याआधीच ईमेलचा पत्ता तिसऱ्याच कोणाकडे पोचत होता. ही गोष्ट वेबसाइटची, ॲपची नव्हे. पण त्या बनवणारे आणि ॲप बनवणारे हात पुष्कळदा एकच असतात.

या नोंदींतली क्रूरता आकड्यांत दिसत नाही, म्हणून ती आपल्याला टोचत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपपुढे बसलेला एखादा बाप डोळ्यांपुढे आणा. कारणाच्या रकान्यात तो आधी मुलीच्या ऑपरेशनसाठी असे लिहितो. मग मनात येते, आजारपण कळले तर कर्ज मिळणार नाही, म्हणून पुसतो आणि घरखर्च असे लिहितो. रकमेच्या जागी पन्नास हजार टाकतो, लाज वाटून वीस हजार करतो. पाठवलेल्या फॉर्मवर एक साधा गरजू माणूस आहे. पुसलेल्या अक्षरांत त्याची भीती, त्याची अगतिकता आणि त्याला नेमकी किती निकड आहे ते सगळे आहे. व्याजाचा दर ठरवणाऱ्याला यातले काय हवेसे वाटेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. दुसरीकडे एक नवी नवरी बापाला लिहिते, मला न्यायला या. पाहते, पुसते, आणि लिहिते, सगळे मजेत. तिच्या पणजीने पोस्टकार्डावर हेच केले होते. पणजीचे पहिले वाक्य तिच्याबरोबर चितेवर गेले. हिचे कुठल्या तरी सर्व्हरवर राहिले, तर कोणत्या दिवशी कोणाच्या हाती लागेल, आणि कोर्टात, पंचायतीत की सासरच्या बैठकीत तिच्यासमोर ठेवले जाईल, हे तिला कधी कळणारही नाही.

ही ॲप लिहिणारे कोण? सकाळी देवास गेटवरून इंदूरची बस पकडणारी, पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवलेली मुले आपली आहेत. हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेली मुलेही आपलीच. सज्जन, आईवडिलांना दर महिन्याला पैसे पाठवणारी, गणपतीत वर्गणी देणारी मुले. त्यांना विचारा, रकान्यातला प्रत्येक बदल बाहेर का पाठवता? रिक्वायरमेंट होती. क्लायंटने सांगितले. यूजरने अटी मान्य केल्या आहेत. त्यांच्या आवाजात खोटेपणा नसतो, हेच मला अधिक भयंकर वाटते. सासऱ्यांच्याही आवाजात तो नव्हता. पत्र फोडताना त्यांना आपण चोरी करतो असे वाटत नव्हते, घर सांभाळतो असेच वाटत होते. ज्या घरात मुलाने बहिणीची वही उघडली तरी कोणी टोकले नाही, ज्या शाळेत गुरुजींनी जप्त केलेली चिठ्ठी वर्गासमोर वाचून हशा मिळवला, ज्या वसतिगृहात रेक्टरने मुलींची पत्रे आधी चाळली, त्या घरातून, शाळेतून, वसतिगृहातून आलेल्या मुलाला रकान्याला कान लावताना थांबावे असे कशामुळे वाटावे? आपण त्याला पॅकेज विचारले. तू काय बनवतोस, आणि ते कोणाचे काय ऐकते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला, हा आपला ठेवणीतला प्रश्न. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसांनाही पटतो. बोलण्याआधी माणूस मनात बोलून पाहतो. रागाच्या भरात उमटलेली शिवी तो पुसतो, हा संयम आहे. शेजाऱ्यावरचा संशय लिहून खोडतो, हा न्याय आहे. सहीच्या आधी थांबून आकडा कमी करतो, ही सावधगिरी आहे. आपले सगळे सद्गुण त्या पुसण्याच्या जागी राहतात. त्या जागेवर पहारा बसवला तर माणूस खोटे बोलायचे सोडत नाही, विचार करून पाहायचेच सोडतो. पहिले आलेले तोंडावर मारतो, किंवा कायमचा क्षेम लिहू लागतो. पिढ्यानपिढ्या क्षेम लिहिणाऱ्या बायकांच्या समाजात राहून आपल्याला हे समजायला इतका वेळ लागावा, याचे दुःख आहे. आणि उलट प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. लपवण्यासारखे काही नसेल तर ॲपवाल्याने रकान्यामागचा कान उघड का दाखवू नये?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जवाल्यांना गरजेपुरतीच आणि स्पष्ट संमतीनेच माहिती घ्या, लोकांच्या फोनमधल्या संपर्कयाद्यांना आणि फोटोंना हात लावू नका, असे बजावले. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. कायदा हवाच, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण तो ज्या संमतीवर उभा आहे ती देवास गेटच्या दुकानात कशी दिली जाते ते आपण जाणतो: दुकानदारच चौकोनात खूण करतो, बाईला ती कशाची हे ठाऊक नसते, आणि मागच्याला बस गाठायची असते.

पत्र फोडण्याची रीत आपल्या बऱ्याच घरांतून गेली, ती कायद्याने गेली नाही. 1848 नंतर ज्यांनी शेणगोळे झेलून मुलींच्या हाती अक्षर दिले, त्यांच्या कामाने ती आतून पोखरली गेली. स्वतः लिहिणाऱ्या मुलीला स्वतःचे पाकीट स्वतः चिकटवावेसे वाटू लागले, एखाद्या भावाला वडिलांनी फोडलेले पत्र पाहून शरम वाटली, एखाद्या सासूने आपल्याला काय भोगावे लागले ते आठवून सुनेचे टपाल न उघडता तिच्या हाती ठेवले. तीच शरम आता प्रोग्रामरच्या टेबलावर यायची आहे, आणि ती येईल. त्याने रकान्याची तपासणी फोनमध्येच उरकावी. पाठवा हे बटण दाबेपर्यंत कर्जाच्या, आजाराच्या, तक्रारीच्या आणि खासगी निरोपाच्या रकान्यातले एक अक्षरही बाहेर जाऊ देऊ नये. शोधाच्या सूचनांसाठी काही पाठवावेच लागले तर ते ठेवून घेऊ नये. वापर नोंदवणारे तयार साधन ॲपमध्ये घालताना कोणते रकाने झाकले आहेत ते आधी पाहावे. यातले काही अवघड नाही, एका दुपारचे काम आहे. देवास गेटच्या दुकानदाराने पडदा आत वळवावा आणि नवऱ्याविषयीचा प्रश्न तोंडाने न विचारता बाईला वाचू द्यावा. त्याला तर दुपारही लागणार नाही.

उज्जैन, इंदूर आणि पुण्याच्या महाविद्यालयांत ॲप बनवण्याच्या प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा होते. परीक्षक टेक्स्टवॉचरच्या तीन पायऱ्या विचारतात, त्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. यंदा चौथा प्रश्न विचारावा: माणसाने पुसलेली अक्षरे तुझ्या ॲपमध्ये कुठे जातात? ज्याला सांगता येणार नाही, त्याचे प्रात्यक्षिक अपुरे धरून त्याला ते पुन्हा करायला लावावे.